टाकसाळीतील दोष, नंतरची हानी आणि हेतुपुरस्सर खूण : कर्जत परिसराच्या नाणेइतिहासाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये नाण्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. कागदपत्रे जळतात, बखरी कालांतराने लिहिल्या जातात, शिलालेख मोजक्या स्थळी आढळतात. नाणे मात्र राज्यकर्त्याच्या टाकसाळीतून निघून सामान्य माणसाच्या कनवटीपर्यंत पोहोचलेले असते. म्हणूनच नाण्यावर दोन प्रकारचा इतिहास नोंदलेला असतो. पहिला टाकसाळीत घडलेला आणि दुसरा टाकसाळीबाहेर पडल्यानंतरचा. हे दोन इतिहास वेगळे करता आले नाहीत तर नाण्याची साक्ष चुकीची लावली जाते. पुसट झालेले अक्षर हे ठसा झिजल्याचे लक्षण, की शंभर वर्षे हातोहाती फिरल्याचे? काठावरचा काप हा टाकसाळीतील चूक, की कोणी चांदी कातरून घेतल्याची खूण? या प्रश्नांच्या उत्तरावर केवळ नाण्याची बाजारातील किंमत नव्हे, तर त्यावरून काढावयाचा ऐतिहासिक निष्कर्षही अवलंबून असतो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुका या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. भीमा आणि सीना या नद्यांच्या खोऱ्यातील हा प्रदेश इ.स. १४९० मध्ये स्थापन झालेल्या निजामशाहीचा भाग होता. पुढे तो मोगलांच्या, त्यानंतर मराठ्यांच्या आणि इ.स. १८१८ नंतर इंग्रजांच्या अमलाखाली आला. तालुक्यात अष्टविनायकांपैकी सिद्धटेक व देवीचे राशीन ही तीर्थक्षेत्रे आहेत. शेजारच्या श्रीगोंदे तालुक्यात पेडगावचा बहादूरगड, तर जामखेड तालुक्यात इ.स. १७९५ च्या लढाईने प्रसिद्ध झालेले खर्डा आहे. लष्कराच्या छावण्या, यात्रा आणि बाजारपेठा जेथे असतात तेथे अनेक टाकसाळींचे चलन एकत्र येते. अशा प्रदेशातील नाण्यांचे वाचन करताना दोष आणि हानी यांतील विवेक विशेष आवश्यक ठरतो.

प्रस्तुत निबंधात या विवेकाचे निकष ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे मांडले आहेत. नाण्यावरील प्रत्येक विकृती ‘दोष’ किंवा ‘हानी’ या दोनच कप्प्यांत बसत नाही. हेतुपुरस्सर उमटविलेली खूण हा तिसरा आणि घडणीच्या पद्धतीचे अंगभूत वैशिष्ट्य हा चौथा प्रकार मानला पाहिजे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

हेतुपुरस्सर खूण : जोगलटेंभीचा पुरावा

इ.स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि ती मुळात क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. एका बाजूस राजाचे मस्तक व ग्रीक लिपीतील लेख, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र ही चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख, असे त्यांचे स्वरूप आहे. परंतु यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मस्तकावर आणि लेखावर दुसराच ठसा मारलेला आढळला. एका बाजूस कमानींची टेकडी व गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह असा हा नवा ठसा होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सातवाहन–क्षत्रप संघर्षाच्या इतिहासाला एक भक्कम आधार मिळाला.

यातील एखादे नाणे सुटे हाती आले असते तर अनभिज्ञ निरीक्षकाने ते ‘खराब झालेले’ म्हणून बाजूला टाकले असते. मस्तक दबलेले, अक्षरे तुटलेली, चिन्हावर चिन्ह चढलेले, असे त्याचे रूप आहे. वस्तुतः ही विकृती हाच त्या नाण्याचा मुख्य आशय आहे. पराभूत राजाचे चलन विजेत्याने वितळविले नाही, तर आपला ठसा मारून पुन्हा व्यवहारात आणले. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात क्षहरात वंशाच्या उच्छेदाचा जो उल्लेख आहे, त्याला या पुनर्मुद्रित नाण्यांनी दुजोरा दिला.

पुनर्मुद्रण ओळखण्याची खूण अशी की वरचा ठसा स्वतःच्या नियमाने पूर्ण असतो. त्याची रेषा सलग असते, चिन्ह ओळखता येते आणि तोच ठसा इतर नाण्यांवरही आढळतो. अपघाताने झालेल्या इजेत असा नियम नसतो. एकच विकृती अनेक नाण्यांवर त्याच रूपात दिसणे म्हणजे तिचे मूळ ठशात किंवा हेतूत आहे. या कसोटीला ‘पुनरावृत्तीची कसोटी’ म्हणता येईल.

घडणीच्या पद्धतीचे वैशिष्ट्य : निजामशाही व मराठा नाणी

निजामशाहीची तांब्याची नाणी मुर्तझा निजामशाह पहिला (इ.स. १५६५–१५८८) याच्या काळापासून मिळतात. त्यांवर अहमदनगर, बुऱ्हाणाबाद अशी टाकसाळींची नावे वाचता येतात. ती वाचताना बहुधा एकच अडचण येते : एका नाण्यावर संपूर्ण लेख जवळजवळ कधीच सापडत नाही. शिवराईचेही तसेच आहे. तिच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र / पति’ असा मजकूर असतो. परंतु पुष्कळ शिवराया अशा मिळतात की त्यांवर ‘श्री’ अर्धीच आहे किंवा ‘पति’ काठाबाहेर गेला आहे.

हा टाकसाळीचा दोष नव्हे. हातोड्याने नाणी पाडण्याच्या पद्धतीत खालचा ठसा ऐरणीत बसविलेला असे, त्यावर धातूची कोरी चकती ठेवून वरचा ठसा धरला जाई व घणाचा घाव घातला जाई. चकतीभोवती तिला आवरून धरणारे कडे नसल्यामुळे धातू वाटेल तसा पसरे. ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा असल्याने मजकुराचा काही भाग नाण्यावर येणेच शक्य नव्हते. दोन ठशांच्या दिशेचा परस्परसंबंधही निश्चित नसे. त्यामुळे केंद्र ढळणे, काठ फाटणे, दोन्ही बाजूंची दिशा न जुळणे या बाबी या पद्धतीत स्वाभाविक होत्या. विशेषतः तांब्याच्या चलनाबाबत वजन आणि धातू यांना जितके महत्त्व होते तितके देखणेपणाला नव्हते.

अक्षरवाटिकेतील भिन्नतेचाही विचार याच दृष्टीने करावा लागतो. काही शिवरायांवर ‘शिव’ ऐवजी ‘सिव’, ‘पति’ ऐवजी ‘पती’ असे आढळते. त्याला आजच्या शुद्धलेखनाच्या मापाने ‘चूक’ म्हणणे योग्य नाही. शिवराई शिवाजी महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ आणि अनेक ठिकाणी पाडली गेली. ठसा खोदणारे कारागीर वेगवेगळे होते. म्हणून अक्षरभेद हा टाकसाळ, काळ आणि कारागीर यांचा शोध घेण्याचे साधन आहे. के. के. महेश्वरी व केनेथ विगिन्स यांच्या मराठा टाकसाळींवरील इ.स. १९८९ च्या ग्रंथाने अशा सूक्ष्म भेदांच्या वर्गीकरणाचे महत्त्व दाखवून दिले आहे.

हातघडणीच्या नाण्यांतही खरे दोष असतात. आधीचे नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले आणि ते लक्षात न येता पुढची चकती ठेवली गेली, तर त्या चकतीवर एका बाजूस नेहमीचा ठसा व दुसऱ्या बाजूस त्याच मजकुराचे उलटे, खोल गेलेले प्रतिबिंब उमटते. घाव घालताना चकती सरकली व पुन्हा घाव बसला तर दुहेरी ठसा उमटतो. येथे टाकसाळीचा स्वतःचा नियम मोडलेला असतो, म्हणून तो दोष. दोष ठरविण्याचे माप त्या टाकसाळीच्या प्रघातात शोधावे लागते. आजच्या यंत्राच्या मापाने तो ठरविता येत नाही.

सराफाची खूण, कातर आणि बट्टा

पेशवेकाळात या प्रदेशात पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी असे निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये चालत. मराठ्यांच्या अनेक रुपयांवर मोगल बादशाहाचेच नाव असे. टाकसाळ ओळखायची ती अंकुशासारख्या चिन्हावरून. एका रुपयाची दुसऱ्याशी अदलाबदल करताना बट्टा द्यावा लागे. नाण्याची पारख करणे हा सराफाचा व पोतदाराचा व्यवसाय होता. नाणे वाजवून, घासून, प्रसंगी त्यावर लहानशी खूण ठोकून आतील धातूची खात्री केली जाई. ‘खणखणीत नाणे’ आणि ‘बट्टा लागणे’ हे मराठीतील वाक्प्रचार या व्यवहाराचीच आठवण देतात.

सराफाची खूण टाकसाळीबाहेरची असल्यामुळे काटेकोर अर्थाने ती हानीच होय. तथापि ती निर्हेतुक नाही. एखाद्या रुपयावर फुली, चंद्रकोर वा ठिपक्यांच्या आकाराच्या सात-आठ खुणा असतील, तर तो अनेक हातांतून पारखला गेला असे म्हणता येते. अशी खूण लहान, खोल आणि ठळक कडांची असते. तिच्या विरुद्ध बाजूस धातू किंचित चेपलेला दिसतो. कातरलेल्या नाण्याचे गमक निराळे आहे. कापाची कड सरळ व धारदार असते, लेख मध्येच तुटतो आणि वजन त्या जातीच्या इतर नाण्यांपेक्षा स्पष्टपणे कमी भरते. उलट, केंद्र ढळून ठसा बसलेल्या नाण्याचा मजकूर अपुरा असला तरी वजन पुरे असते. वजनाची कसोटी सर्वांत साधी. तरीही तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

घराघरांतील नाण्यांवर आणखी एक थर चढलेला असतो. दागिन्यात ओवण्यासाठी पाडलेले भोक, कडीसाठी लावलेला डाख, देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकवाने व चिंचेने घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग, ही सर्व टाकसाळीनंतरचीच हानी आहे. संग्राहकाच्या दृष्टीने तिने मूल्य घटते. समाजेतिहासाच्या दृष्टीने मात्र चलनातून निवृत्त झालेले नाणे श्रद्धा आणि अलंकार यांच्या विश्वात कसे गेले याचा तो पुरावा आहे.

यंत्रयुग : दोषाची नवी व्याख्या

मुंबईची वाफेच्या यंत्रावर चालणारी टाकसाळ इ.स. १८२४ ते १८३० या काळात उभी राहिली. इ.स. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या प्रदेशात १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा एकसारखा रुपया सुरू झाला. यंत्रात पट्टीतून चकत्या कापल्या जातात, त्यांचा काठ उचलला जातो, त्या तापवून मऊ केल्या जातात आणि कड्यात धरून दोन ठशांमध्ये दाबल्या जातात. कड्यामुळे व्यास ठरावीक राहतो, दातेरी कडेमुळे कातरणे लपत नाही. नाणी एकसारखी होऊ लागली, तशी वेगळेपणाची दखल घेतली जाऊ लागली. शिवराईत स्वाभाविक असलेले केंद्रच्युत मुद्रण राणीच्या रुपयात दोष ठरले.

येथेही घाई घातक ठरते. इ.स. १८६२ हे साल असलेले रुपये पुढे इ.स. १८७४ पर्यंत तेच साल ठेवून पाडले गेले. त्यांतील काहींच्या मागील बाजूस बारीक ठिपके आढळतात. ते ठशावरील ओरखडे नसून पाडल्याच्या वर्षाच्या खुणा मानल्या जातात. इ.स. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या पोशाखावरील हत्तीची आकृती लोकांना डुकरासारखी दिसली व त्यावर आक्षेप आल्याने पुढील वर्षी ती सुधारण्यात आली. ही आकृतिबंधातील उणीव होती. मुद्रणातील दोष नव्हे, कारण ठशाने जे उमटवायचे तेच उमटविले होते. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखाली मुंबईसाठी चौकट, हैदराबादसाठी तारा व नोएडासाठी ठिपका असतो. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते. ‘खूण नसलेले दुर्मीळ नाणे’ म्हणून जे दाखविले जाते ते पुष्कळदा कोलकात्याचे सर्वसामान्य नाणे असते.

भेद ओळखण्याच्या कसोट्या

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांबाबत पुढील कसोट्या उपयुक्त ठरतात. या सर्वांमागे एकच तत्त्व आहे : ठशावर जे खोल असते ते नाण्यावर उंच येते, आणि धातू नाहीसा होत नसून तो कोठे तरी सरकतो.

१. उंच की खोल : ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच, वेडीवाकडी रेषा येते. ओरखडा मात्र खोल असतो व त्याच्या दोन्ही बाजूंस सरकलेल्या धातूचा वरंबा दिसतो.

२. कापीव चकती : पट्टीच्या कडेवर किंवा आधीच्या छिद्रावर चकती कापली गेल्यास नाण्याला सरळ वा कमानदार काप येतो. अशा खऱ्या दोषात कापाच्या नेमक्या समोरचा काठ बहुधा अस्पष्ट असतो, कारण काठ उचलताना त्या ठिकाणी पुरेसा दाब मिळत नाही. शिवाय कापाजवळची अक्षरे ओढल्यासारखी दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यात समोरचा काठ पूर्ण आणि अक्षरे थेट छाटलेली असतात.

३. उलटे प्रतिबिंब : टाकसाळीतील प्रतिबिंबात दुसऱ्या बाजूचा नेहमीचा ठसा ठळक असतो. दोन नाणी शेगड्यात दाबून केलेल्या बनावट प्रतिबिंबात मूळ आकृती चेपलेली व तिच्यावर उलटी अक्षरे बसलेली, म्हणजे दोन्ही एकाच बाजूस एकत्र दिसतात.

४. गाळलेले अक्षर : ठशात तेल वा घाण साचली तर अक्षर हळूहळू पुसट होत जाते, पण भोवतालचा पृष्ठभाग अबाधित राहतो. कानशीने काढलेल्या अक्षराच्या जागी भिंगाखाली समांतर चरे दिसतात.

५. वजन व जाडी : आम्लात टाकलेले नाणे पातळ व हलके होते, त्याची सर्व अक्षरे सारख्याच प्रमाणात बारीक होतात आणि पृष्ठभाग खरखरीत बनतो. पातळ चकतीवर पाडलेल्या नाण्याचा पृष्ठभाग मात्र गुळगुळीत असतो.

६. चुकीचा धातू : एका किमतीचा ठसा दुसऱ्या किमतीच्या चकतीवर बसणे हा खरा दोष आहे. वजन, व्यास आणि लोहचुंबक यांनी त्याची प्राथमिक पडताळणी होते. पोलादी रुपया चुंबकाला चिकटतो, तांबे-निकेलचा चिकटत नाही. मुलामा देऊन रंग बदलला तरी वजन फारसे बदलत नाही.

७. दोन धातूंचे नाणे : दहा रुपयांच्या नाण्यातील आतली चकती टाकसाळीतच ढळली असेल तर आकृती दोन्ही धातूंवरून सलग जाते. नंतर ठोकून हलविली असेल तर सांध्यापाशी आकृती तुटते व हत्याराच्या खुणा राहतात.

या कसोट्यांसाठी दहापट मोठे दाखविणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग मोजणारा तराजू व व्हर्नियर कॅलिपर एवढी साधने पुरतात. ती महाविद्यालयातील पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र विभागांत उपलब्ध असतात. हवेत व पाण्यात वजन करून घनता काढणे हा तर प्रथम वर्षाचा प्रयोग आहे. नाण्यांचा अभ्यास हा या अर्थाने आंतरविद्याशाखीय सहकार्याचा विषय ठरतो.

विवेकाचे व्यावहारिक महत्त्व

दोष आणि हानी यांची गल्लत तीन प्रकारे नुकसान करते. पहिले नुकसान आर्थिक आहे. ‘विशिष्ट चुकीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात’ अशा जाहिरातींना विद्यार्थी व शेतकरी बळी पडतात. आपल्या नावाचा वापर करून जुनी नाणी व नोटा यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क मागितले जात असल्याचा इशारा भारतीय रिझर्व्ह बँकेला इ.स. २०२१ मध्ये द्यावा लागला. ज्याला उंच रेषा व खोल ओरखडा यांतील भेद ठाऊक आहे, त्याची फसवणूक करणे अवघड असते.

दुसरे नुकसान वस्तूचे आहे. नाणे ‘खराब’ समजून ते आम्लाने, चिंचेने किंवा तारेच्या ब्रशने स्वच्छ केले जाते. त्यासोबत पृष्ठभागावरील पुटे, सराफाची खूण, पुनर्मुद्रणाखाली उरलेली जुनी रेषा हे सर्व नाहीसे होते. ही हानी भरून काढता येत नाही.

तिसरे नुकसान इतिहासाचे आहे. नांगरताना किंवा पाया खणताना नाणी मिळाली तर त्यांतील ‘चांगली’ निवडून ठेवली जातात व बाकीची मोडीत जातात. साठ्याचा काळ ठरतो तो संपूर्ण साठ्यावरून. त्यात झिजलेल्या नाण्याचेही महत्त्व असते. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ही तरतूद गावोगावी पोहोचविण्याचे काम इतिहास विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांना करता येण्यासारखे आहे. नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारखे अभ्यासकेंद्र तुलनेने जवळ असल्यामुळे तज्ज्ञ मार्गदर्शन दुर्लभ नाही.

महाविद्यालयात नाणे दाखविण्यास आणले गेल्यास त्याची नोंद ठरावीक पद्धतीने व्हावी : सापडल्याचे ठिकाण, वजन, व्यास, जाडी, धातू, दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वाचता येणारा मजकूर आणि विकृतीचे वर्णन. वर्णन आधी व निर्णय नंतर, हा क्रम पाळावा. ‘काठावर ४ मिलिमीटरचा सरळ काप, समोरचा काठ पूर्ण, वजन कमी’ असे लिहिले तर पुढील अभ्यासकाला निर्णय तपासता येतो. नुसते ‘तुटके नाणे’ लिहिले तर येत नाही. ज्या नाण्याबाबत पुरावा अपुरा आहे तेथे ‘अनिश्चित’ हा रकानाही प्रामाणिकपणे वापरावा.

निष्कर्ष

१. नाण्यावरील विकृतींचे टाकसाळीतील दोष, नंतरची हानी, हेतुपुरस्सर खूण आणि घडणीच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे चार प्रकार मानणे आवश्यक आहे.

२. दोष ही सापेक्ष संकल्पना आहे. हातघडणीच्या शिवराईत जे स्वाभाविक, तेच यंत्रावरील रुपयात दोष ठरते.

३. पुनरावृत्ती, वजन आणि धातूचे सरकणे या तीन कसोट्या एकत्र वापरल्यास बहुसंख्य नाण्यांबाबत विश्वसनीय निर्णय करता येतो.

४. हानी झालेले नाणे निरुपयोगी नसते. सराफाची खूण, दागिन्याचे भोक व देव्हाऱ्यातील झीज ही आर्थिक व सामाजिक इतिहासाची साधने आहेत.

५. कर्जतसारख्या, अनेक राजवटींचे चलन पाहिलेल्या प्रदेशात नाण्यांची शास्त्रीय नोंद करण्याचे कार्य स्थानिक महाविद्यालयांनी हाती घेणे गरजेचे आहे. नाणे घासून उजळण्यापूर्वी ते वाचले गेले, तरच त्याची साक्ष इतिहासाच्या उपयोगी पडेल.